खेळता खेळता अक्षरओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लाखनीच्या बालवाडीत मी नवी होते, तेव्हाची गोष्ट. एका मुलीने 'पानी' मागितले. मी सर्वांदेखत तिला 'पाणी' असे दहा वेळा म्हणावयास लावले. पुढे कितीतरी दिवस ती वर्गात बोललीच नाही. चूक माझी होती. आपल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो. पोर आपल्या आईची भाषा बोलत होती.

वाट दाखविली ती ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कामाने. १९४५ साली बोर्डीस सुरू केलेले बालशिक्षणाचे काम त्यांनी १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुलांना त्या खडे, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंनीच शिकवीत.

मग मीही अंगणात खेळ मांडला. आधी कानाचा : "'म'ची वस्तू आणा" म्हटले की कोणी मका आणी, कोणी मडके. मग डोळ्यांचा : घ-ध, भ-म अशा फसव्या जोड्या रांगोळीने काढावयाच्या, अक्षर पुकारले की त्यावर उडी. शेवटी हाताचा : अक्षराच्या रेघेवर चिंचोके मांडावयाचे.

'ण'ची पाळी आली तेव्हा मी म्हटले, "घरी पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही गोडच." पहिली उडी त्याच मुलीने मारली!

भगिनींनो, पाटी-पेन्सिलीआधी मुलांच्या हाती मूठभर चिंचोके द्या. आणि त्यांच्या घरच्या शब्दाला कधी हसू नका, एवढीच माझी विनंती.