'वर्याग'ची कहाणी: बॉयलरपासून



रशिया-जपान युद्ध का पेटलं, हे आपण जाणता. त्यात वेळ घालवत नाही. कोरियातल्या चेमुल्पो बंदराजवळची लढाईही ऐकून असाल. ९ फेब्रुवारी १९०४. एकीकडे रशियाच्या कप्तान रुद्नेव्ह यांची संरक्षित क्रूझर 'वर्याग' आणि जुनी गनबोट 'कोरेयेत्स', समोर जपानच्या ॲडमिरल उरियूंच्या सहा क्रूझर. माझं म्हणणं एवढंच की, ही कहाणी बॉयलरपासून सांगायला हवी.

'वर्याग' फिलाडेल्फियात क्रँपच्या गोदीत बांधली, १८९९ साली पाण्यात उतरली. साडेसहा हजार टन, सहा इंची बारा तोफा, करारातला वेग २३ नॉट. चाचणीत ती त्याहूनही जोरात धावली. पण तिच्या पोटात निक्लॉस पद्धतीचे ३० बॉयलर होते. हे जरा नीट सांगतो. प्रत्येक जाड नळी एका टोकाला बंद. तिच्यात दुसरी बारीक नळी. पाणी आतल्या नळीतून शेवटापर्यंत जायचं आणि दोन नळ्यांमधल्या फटीतून तापत परतायचं. बिघडलेली नळी समोरूनच उपसून काढता येई, ही सोय विकणाऱ्यांना फार प्रिय. पण पाण्यात मीठ आलं, गाळ आला, की ती फट बुजते. मग नळीचं लोखंड कोरडं तापतं आणि फुटतं.

(श्रोत्यांतून : "म्हणजे गीझरसारखा क्षार धरला!" हशा.)

अगदी तेच! फक्त इथे समोर कोळसा टाकणारा माणूस उभा असायचा. वाफेनं भाजायचा तो. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, तरी पंधरा-सोळा नॉटच्या वर भरवसा उरला नाही.

आता आक्षेप येणार. खाडीची वाट अरुंद, सोबत मंद 'कोरेयेत्स'; वेग असून काय उपयोग? मान्य. पण धडधाकट क्रूझर त्या बंदरात पहाऱ्याला अडकून पडली असती का? माझं मत : नाही. यात कुणाचं शौर्य मी कमी लेखत नाही, कृपा करून तसं समजू नका. 'वर्याग'च्या तोफांना ढाली नव्हत्या. उरियूंच्या 'असामा' क्रूझरचे आठ इंची गोळे फुटले, तुकडे डेकभर उडाले आणि गोलंदाज उभे कापले गेले. तासाभरात ३० हून अधिक माणसं गेली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. उरलेलं भरभर सांगतो. रुद्नेव्हनी नौका बंदरातच बुडवली. जपान्यांनी १९०५ साली ती वर काढून 'सोया' नावानं शिकाऊ नौका केली, १९१६ साली रशियाला परत विकली. १९१७ मध्ये ती दुरुस्तीसाठी ब्रिटनला गेली. रशियात क्रांती झाली, ब्रिटिशांनी ती ताब्यात घेतली. १९२० साली भंगारात नेताना स्कॉटलंडच्या लेंडलफुटजवळ खडकांवर चढली आणि तिथेच तोडली गेली.

रुद्नेव्हना मात्र १९०५ सालीच नौदल सोडावं लागलं होतं : बंडखोर खलाशांवर कारवाई करायला त्यांनी नकार दिला होता. १९०७ साली त्यांना उगवत्या सूर्याचं पदक दिलं ते जपानच्या सम्राटानं.