जुनी फीत आणि रुंद पडदा

लखनौस गोमतीच्या उत्तर तीरावर, बादशाहबागेत, लखनौ विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत. या विद्यापीठाचे कुलगुरुपद १९३२ ते १९३८ या काळात रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी भूषविले. केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लरचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९०१ साली ते स्वदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी चित्रफितीवर टिपले. भारतीय वार्तापटाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख अगदी आरंभी येतो.

परांजपे यांच्या लखनौच्या कारकिर्दीवर आज कोणी अनुबोधपट काढू लागला आणि अशी एखादी जुनी फीत त्याच्या हाती आली, तर त्याच्यापुढे मोठा पेच उभा राहील. बादशाहबाग तो आजच्या हाय डेफिनिशन कॅमेऱ्याने टिपील. त्याची चौकट १६ रुंद आणि ९ उंच, अशी ऐसपैस असते. जुन्या फितीची चौकट मात्र ४ रुंद आणि ३ उंच. ती या रुंद पडद्यावर बसवावी कशी?

पहिला मार्ग चित्र आडवे ताणण्याचा. त्याने माणसे एकतृतीयांशाने रुंद होतात आणि गाडीचे चाक लंबगोल दिसते. हा मार्ग जाणता माणूस सहसा स्वीकारीत नाही.

दुसरा मार्ग अधिक मोहक आणि म्हणूनच अधिक घातक. चित्र मोठे करून पडदा भरावयाचा आणि वरखाली जे उरेल ते कापावयाचे. यात मूळ चित्राचा चौथा हिस्सा नाहीसा होतो. सावेदादांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्तीही चित्रित केली होती. कुस्तीच्या चित्रातून मल्लांचे पाय कापले, तर डाव कोणता पडला हे कसे कळावे? स्वागताच्या गर्दीतून वरच्या पगड्या आणि खालची अनवाणी पावले गेली, तर स्वागतास कोण आले होते हेच पुसले जाते. दुसऱ्या महायुद्धावरील ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही १९७३ ची विख्यात ब्रिटिश मालिका २०१० साली नव्या रूपात आली, तेव्हा तीही अशीच कापण्यात आली आणि जाणकारांनी तिला दोष दिला.

तिसरा मार्ग साधा आहे. १९२० बिंदूंच्या रुंदीत जुने चित्र १४४० बिंदू व्यापते; दोन्ही बाजूंस २४० बिंदूंची काळी पट्टी राहू द्यावी. प्रेक्षकास ती प्रथम खटकेल, पण क्षणभरात त्याची दृष्टी चित्रात रमेल.

गतीचेही असेच आहे. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला सुमारे १६ चित्रांनी घेतलेली फीत २४ च्या गतीने दाखविली, की गंभीर माणसेही कळसूत्री बाहुल्यांसारखी तुरुतुरु चालतात आणि प्रेक्षक पूर्वजांना हसतो. दोष मात्र पूर्वजांचा नसतो.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. जुन्या नायट्रेट फिती अत्यंत ज्वालाग्राही असतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यास लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा कितीतरी फिती भस्मसात झाल्या. मूळ फीत नष्ट झाली, म्हणजे अनुबोधपटातील तुकडाच पुढील पिढ्यांचा पुरावा ठरतो. तो कापलेला असेल, तर उरलेला चौथा हिस्सा कोठूनही परत आणता येत नाही.

दप्तरातील जुना कागद नव्या फायलीत मावत नाही, म्हणून त्याच्या कडा कोणी कातरीत नाही. फाईल मोठी करतात. अनुबोधपटकाराने जुन्या फितीशी तेवढाच व्यवहार ठेवावा. पडदा रुंद झाला तो नव्या दृश्यांसाठी. जुन्या दृश्याला त्याची स्वतःची चौकट असते आणि तीही इतिहासाचाच भाग असते.