आजीच्या आजीचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



घरात वंशावळीचा कागद निघाला, की त्यात पणजोबा, खापरपणजोबा सापडतात. पणजीचे नाव मात्र बहुधा नसते. दूर मध्य आशियातील कझाक लोक मुलांकडून सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावे पाठ करून घेतात. तेथेही आजी गाळलेलीच!

निसर्गाने मात्र आजीची नोंद ठेवली आहे. आपल्या शरीराच्या पेशींत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. त्याचा एक लहानसा भाग मुलामुलींना केवळ आईकडून मिळतो, आणि पुढच्या पिढीला तो देते ती मुलगीच. दुसरा एक भाग बापाकडून फक्त मुलाला जातो. म्हणून आईची वाट आणि बापाची वाट वेगवेगळी शोधता येते.

आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण घ्या. कोकणात बेने इस्रायल नावाचा ज्यू समाज पिढ्यानपिढ्या राहिला. आपल्याकडे जसे निलंगेकर, तसे त्यांच्यात पेणकर, रोहेकर, किहीमकर. भाषा मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे. तेलाचा घाणा चालवीत, पण शनिवारी तो बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते सांगत आले.

१९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळजण इस्रायलला गेले. ज्यू धर्मात आई ज्यू तर मूल ज्यू, असा नियम. तेव्हा १९६२ च्या सुमारास तेथील धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी या लोकांच्या आई-आजीच्या कुळाची चौकशी करावयास सांगितले. लेकीच्या लग्नात आजीच्या कुळावर शंका घेतली, तर कोणत्या आईला ते सोसेल? लोकांनी मोठी चळवळ केली. १९६४ साली तेथील संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यूच आहे, असा निर्वाळा दिला.

पुढे २०१६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ व इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठ येथील संशोधकांनी या समाजाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पूर्वजांत पश्चिमेकडील ज्यूही आहेत आणि भारतीयही, असे दिसले. हा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला. त्यात ज्यू वाटा अधिक पुरुषांकडून, तर भारतीय वाटा अधिक स्त्रियांकडून आलेला आहे.

म्हणजे काय, भगिनींनो? या समाजाच्या कितीतरी आज्या इथल्याच मातीतल्या होत्या. परक्या धर्माच्या घरात त्या आल्या. शनिवार पाळणे, सणाचे उपास हे सारे घरात शिकविले गेले, तेव्हा त्यांचे हात त्यात नसतील काय? रक्त इथले, म्हणून त्यांनी जपलेला धर्म उणा ठरत नाही. डीएनए वाट दाखवितो. कोण श्रेष्ठ, कोण आपला, कोण परका, हे तो ठरवीत नाही. ते ठरते आईने दिलेल्या वळणावरून.

त्या आज्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. आपल्या आज्यांची अजून ठाऊक आहेत. म्हणून एवढेच मागणे: आज घरी गेल्यावर वहीत आई, आजी, पणजी यांची नावे व माहेरची गावे लिहून ठेवा, आणि ती वही लेकीच्या हाती द्या.