हिशेब एक, हत्यारे अनेक



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला प्रारंभ केला. त्या परंपरेतील एका व्यासपीठावर माझ्यासारख्या, शाळा सातवीतच सुटलेल्या माणसाला बोलावे, यात चालकांचे धाडस मोठे आहे. माझे पुढचे सगळे शिकणे युनियनच्या कचेरीत, एसटीच्या प्रवासात आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. ‘मोबाईल आणि संगणक यांवरील ॲपची मांडणी’ हा विषय कार्यवाहांनी सुचविला तेव्हा मी म्हणालो, “अहो, हा इंजिनिअरचा विषय. मी मोर्चे काढणारा माणूस.” ते म्हणाले, “इंजिनिअर बनविणाऱ्याच्या बाजूने बोलेल. तुम्ही वापरणाऱ्याच्या बाजूने बोला.” हे मला पटले, म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात आंबेगावच्या पश्चिम भागात मातीच्या बांधाचे एक काम चालू होते. एकतीस माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. हजेरी मोबाईलवर. ती घेणारी गावचीच बारावी झालेली मुलगी. अकराचे ऊन, पांढऱ्या पडद्यावर करड्या रंगाची बारीक अक्षरे. पदराची सावली धरून तिने एकेक नाव भरले, फोटो काढला आणि ‘सादर करा’चे बटण दाबले. तिच्या मोबाईलवर ते बटण अगदी तळाला, मोबाईलच्या स्वतःच्या तीन खुणांची जी पट्टी असते तिच्याखाली अर्धे दडले होते. तिने बटण दाबले, पण दाबली गेली ती पट्टीची खूण. ॲप मिटले आणि भरलेले सगळे गेले. तिने पुन्हा भरले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरीपर्यंत वेळेची मर्यादा उलटली होती.

मी माझा मोबाईल काढून तेच ॲप उघडले. माझ्याकडे बटण व्यवस्थित वर दिसत होते! पुढे तालुक्याला जाऊन विचारले, तर तेथील बाबूंनी संगणकाचा रुंद पडदा माझ्याकडे वळविला आणि म्हणाले, “येथे तर सगळे स्वच्छ दिसते. हजेरी भरलीच नाही, एवढेच.” एकतीस माणसांची एका दिवसाची मजुरी मिळवायला पुढे अडीच महिने हेलपाटे घातले. कोणाची कचेरी, कोणाचे ॲप, हे मी सांगत नाही. मला फिर्याद करायची नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की तीन पडद्यांवर एकच वस्तू तीन प्रकारे दिसत होती, आणि मजुरी मात्र ज्या पडद्यावर वाईट दिसत होती त्याच्या मालकिणीची व तिच्या सोबतिणींची बुडाली. बटण कोठे ठेवावे हा आपण सौंदर्याचा प्रश्न समजतो. त्या दिवशी मला कळले की हा मजुरीचा प्रश्न आहे.

आता हे असे का होते, ते मला समजले तेवढे सांगतो.

आपल्या दोन तालुक्यांचेच उदाहरण घ्या. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला धो धो पाऊस आणि भाताची खाचरे. पूर्वेला मंचर-नारायणगावकडे कांदा आणि टोमॅटो. दोन्हीकडे शेतीच. पण खाचरातले औत सपाटीच्या रानात चालत नाही आणि सपाटीचे खाचरात चालत नाही. लोहार दोघांनाही एकच औत देऊन ‘शेती शेवटी शेतीच’ असे म्हणू लागला, तर आपण त्याच्या भात्यावर पाणी ओतू. पडद्यांचेही तसेच आहे. संगणक हे टेबलाचे हत्यार. बसून, सावलीत, दोन हातांनी, माऊसच्या बारीक टोकाने ते चालवायचे. मोबाईल हे उभ्याचे हत्यार. एका हातात मूल किंवा पाटी, दुसऱ्या हाताचा अंगठा काम करणार. माऊसचे टोक सुईसारखे, तर बोट सुपारीसारखे. माऊस एखाद्या शब्दावर नुसता नेऊन थांबविला की माहिती उघडते, अशी सोय संगणकावर असते. बोटाला असे अधांतरी थांबता येत नाही, म्हणून तीच माहिती मोबाईलवर लपूनच राहते. आणखी एक गंमत पाहा. मोबाईलवर अक्षर लिहायला घेतले की कळफलक वर येतो आणि अर्धा पडदा गिळतो. ज्याने हे ध्यानात घेतले नाही, त्याचे बटण त्या कळफलकाखाली गाडले जाते.

मोबाईल-मोबाईलमध्येही जातकुळी आहेत. २००७ साली ॲपलचा आयफोन आला, २००८ साली गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला मोबाईल बाजारात आला. दोघांनी आपापल्या घराच्या रीती ठरविल्या. अँड्रॉइडवर मागे जायचे तर तळाची खूण असते किंवा कडेवरून बोट ओढायचे. आयफोनला तशी तळाची खूण नाही. तेथे वर डाव्या कोपऱ्यात बाण असतो किंवा डाव्या कडेवरून बोट सरकवायचे. संगणकातही विंडोजच्या प्रश्नपेटीत ‘ठीक’ हे डावीकडे आणि ‘रद्द’ उजवीकडे. मॅकिंटॉशवर मुख्य बटण उजव्या टोकाला. आपण म्हणाल, यात काय मोठेसे? पण कोणाच्या घरी वहाणा ओट्याखाली काढतात, कोणाच्या घरी दारात. पाहुण्याने त्या घराची रीत पाळली की तो परका वाटत नाही. ॲप हे दुसऱ्याच्या मोबाईलवर आलेले पाहुणेच आहे. या कंपन्यांनी रीतींची पुस्तकेही काढली आहेत. बोटाने दाबायची जागा ॲपलच्या मापाने किमान ४४ पॉइंट असावी आणि गूगलच्या मापाने ४८, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी, इतपत बारकाईने ते लिहिले आहे. खुरपणीने बोटे जाड झालेल्या बाईसाठी हे माप मी तर आणखी वाढवून मागेन.

हे ज्ञान बोटात असते, हे मी कंडक्टरांकडून शिकलो. जुन्या काळी एसटीच्या कंडक्टरकडे तिकिटांची पेटी असे. निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे ठरलेल्या खणांत. घाटात गाडी वळत असताना, दिवा नसताना, तो न पाहता नेमके तिकीट ओढून चिमट्याने छिद्र पाडीत असे. तुम्ही एका रात्रीत त्या पेटीतले खण उलटसुलट केलेत, तर वीस वर्षांचा कंडक्टर सकाळी नवशिका ठरेल. ॲपची नवी आवृत्ती काढून बटणांच्या जागा उगाच हलविणारे नेमके हेच करतात. कामगाराचे कौशल्य हे त्याचे भांडवल आहे. ते विनाकारण बुडविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता या विषयाची महाराष्ट्रभर गाजलेली हकीकत आठवून पाहू. २०१९ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले आणि बालकांची वजने, उंची, आहार यांची नोंद त्यावर करणे आले. मोबाईलची स्मरणशक्ती अवघी २ जीबी. तो तापतो, अडकतो, आणि ॲप इंग्रजीत आहे, ही सेविकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. काही शहाण्या लोकांनी तेव्हा म्हटले, ‘या बायकांना नवीन शिकायला नको.’ सभ्य गृहस्थहो, ज्या बाईने पंधरा-वीस वर्षे अकरा-अकरा रजिस्टरे हाताने ठेवली, तिला नवीन शिकायला नको? तिने शिक्षण नाकारले नाही. तिच्या हातात न बसणारे हत्यार नाकारले. पुढे तेच ॲप मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाले. म्हणजे मागणी अशक्य नव्हती, एवढे तरी सिद्ध झाले.

आणि मराठी म्हणजे केवळ शब्द बदलणे नव्हे. इंग्रजीत जेथे ‘सेव्ह’ हा टीचभर शब्द मावतो, तेथे मराठीत ‘जतन करा’ येते आणि बटणाबाहेर सांडते. आपल्या लिपीत मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली जातात. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात. नाव ‘कुसुम’ असेल तर पडद्यावर ‘कसम’ दिसते, आणि मग रेशनच्या नावाशी ते जुळत नाही म्हणून कागद परत येतो. हा विनोद नाही. मी असे कागद पाहिले आहेत.

मग उपाय काय? प्रत्येक मोबाईलसाठी वेगळे ॲप करावे काय? येथे मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बनविणारे म्हणतात की इतक्या तऱ्हा सांभाळायला खर्च येतो, आणि ते खोटे नाही. शिवाय सारखेपणाचा आग्रह हा आम्हा कामगारांचाही आहे. मस्टर सर्वांचे सारखे असावे, दर सर्वांना सारखा असावा, नियम एक असावा, यासाठीच आम्ही आयुष्य घालविले. म्हणून मी सारखेपणाच्या विरुद्ध नाही. सारखेपणा कोठे हवा आणि कोठे नको, एवढाच प्रश्न आहे. हिशेब एक असावा. नाव, दिवस, मजुरी, पिकाची नोंद, बाळाचे वजन ही सर्व पडद्यांवर अक्षरशः एक असावीत. पण ती भरायची मूठ ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे असावी. २०१० साली ईथन मार्कोट नावाच्या अमेरिकन रचनाकाराने पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाची मांडणी आपोआप बदलण्याची युक्ती मांडली आणि ती जगभर रूढ झाली. रुंद संगणकावर जो तक्ता आडवा दिसतो, तो मोबाईलवर एकाखाली एक ओळींत उतरतो. पाणी एकच, ते घागरीत घागरीचा आकार घेते आणि तांब्यात तांब्याचा.

पण नुसती रुंदी बदलून भागत नाही. जागा बदलली की कामही बदलते. कचेरीतील माणसाला साऱ्या तालुक्याचा तक्ता एका दृष्टीत हवा. बांधावरच्या माणसाला त्या क्षणी एकच प्रश्न आणि एकच मोठे बटण हवे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाचा फोटो काढून सातबारावर स्वतः नोंद करता येऊ लागली. ही कल्पना मला मनापासून आवडली, कारण तिने नोंदीची लेखणी शेतकऱ्याच्या हाती दिली. पण डोंगरकपारीत रेंज नसते, हे आपल्याला मी सांगायला नको. अशा ठिकाणी भरलेली नोंद मोबाईलातच सुखरूप राहावी, रेंज आल्यावर आपोआप जावी, आणि ‘पोहोचली’ की ‘अजून वाटेत आहे’ हे ठळक अक्षरांत दिसावे. पोचपावती मागणे हा आमचा जुना धर्म आहे.

तर हे कोणी घडवून आणायचे? येथे मी दूरच्या एका देशाची गोष्ट सांगतो. नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगार्ड नावाचे मोठे संगणकशास्त्रज्ञ होते. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी तेथील लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसून काम केले. कारखान्यात येणाऱ्या संगणकाविषयी कामगारांनी स्वतः अभ्यास केला, मते मांडली, आणि त्यातून संगणक आणण्यापूर्वी कामगारांशी बोलण्याचे करार झाले. पुढे १९८१ साली स्वीडन-डेन्मार्ककडे छपाई कामगारांच्या संघटनेबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. तेथे खरे यंत्र तयार होण्याआधी लाकडाचे आणि पुठ्ठ्याचे खोटे संगणक मांडले आणि छपाई कामगारांना म्हटले, ‘असे समजा की हे चालते. आता काम करून दाखवा.’ कामगाराचा हात जेथे अडला तेथे रचना बदलली. पुठ्ठा बदलायला पैसे लागत नाहीत. यंत्र बदलायला लागतात, आणि मजुरी बुडाल्यावर तर फार लागतात.

ही गोष्ट जुन्नर-आंबेगावात का होऊ नये? ॲप काढणाऱ्या प्रत्येकाकडे आपण तीन साध्या मागण्या कराव्यात, असे माझे मत आहे. पहिली, ते सर्वांत स्वस्त आणि जुन्या मोबाईलवर, भर उन्हात, रेंज नसलेल्या ठिकाणी तपासल्याशिवाय सक्तीचे करू नये. दुसरी, ज्यांनी ते रोज वापरायचे आहे त्यांच्यातील काही जणांना तपासणीच्या वेळी बोलवावे, आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. तिसरी, यंत्र अडले तर कागदावरची हजेरी ग्राह्य धरावी. यंत्राच्या चुकीचा दंड माणसाला होऊ नये.

या सभागृहात अशी कितीतरी घरे बसली आहेत, ज्यांची मुले-मुली हिंजवडीला संगणकावर काम करतात. त्यांतले काही जण हीच बटणे आखत असतील. सुटीला ती घरी आली की त्यांना माझा एक निरोप सांगा. त्यांनी एक दिवस काढावा. मी त्यांना एसटीने कामावर घेऊन जाईन. भाकरी आमची. त्यांनी फक्त त्या मुलीच्या शेजारी, तिच्याच पदराच्या सावलीत बसावे आणि तिचा अंगठा कोठे पोहोचतो ते पाहावे. हत्यार बनविणारा आणि हत्यार धरणारा यांची गाठ पडली की निम्मे भांडण तेथेच मिटते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.