‘व्हावे’ आणि ‘असतो तर’ : इंग्रजी व्याकरणाचा एक अवघड कोपरा

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने जो प्रस्ताव स्वीकारला, तो इंग्रजीत असा होता : ‘दॅट द कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅज सेटल्ड बाय द असेंब्ली बी पास्ड.’ मांडला होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुखही त्या सभेचे सदस्य होते. प्रस्तावाच्या या वाक्यात ‘इज’ नाही, ‘विल बी’ नाही. नुसते ‘बी’ आहे. संविधान मंजूर झाले असे ते सांगत नाही, मंजूर व्हावे असे म्हणते. इंग्रजीतला सब्जंक्टिव्ह तो हाच, आणि आपला विध्यर्थ त्याचा सख्खा शेजारी.

अमरावती-अकोल्याच्या संस्थांत आपण मराठी ठराव बिनचूक लिहितो : ‘सचिवांनी हिशेब सादर करावा.’ इंग्रजी प्रत करताना मात्र ‘दॅट द सेक्रेटरी सबमिट्स’ लिहून बसतो. मागणी, हुकूम, शिफारस, आग्रह यांच्या मागून येणाऱ्या क्रियापदाला तो ‘एस’ लागत नाही. ‘दॅट द सेक्रेटरी सबमिट’ एवढेच हवे. नकार असेल तर ‘डज’ न आणता ‘नॉट सबमिट’. ब्रिटिश वळणात येथे ‘शुड’ही चालतो, पण ठरावात मला मोकळे क्रियापदच पसंत आहे. रूप चुकले तर अर्थच बदलतो : ‘आय इन्सिस्ट दॅट ही इज प्रेझेंट’ म्हणजे तो हजर आहेच असे मी ठासून सांगतो, आणि ‘ही बी प्रेझेंट’ म्हणजे त्याने हजर राहिलेच पाहिजे. एका शब्दाने साक्षीचा हुकूम होतो!

हे केवळ इंग्रजीतच नाही. वेद वाचताना क्रियापदाचा असाच एक प्रकार पदोपदी भेटतो : लेट् लकार, म्हणजे वैदिक संस्कृतातला सब्जंक्टिव्ह. पाणिनीने तो छंदापुरता, म्हणजे वेदभाषेपुरता सांगितला. पुढच्या संस्कृतात तो मावळला आणि त्याचे बरेचसे काम विधिलिङाने, म्हणजे संस्कृतातल्या विध्यर्थाने, उचलले. ऑक्सफर्डला वैदिक धर्मावर प्रबंध लिहिणाऱ्या पंजाबरावांच्या अभ्यासाचा हाच प्रांत. म्हणून सब्जंक्टिव्ह ही साहेबाची लहर आहे असे कुणी समजू नये. इच्छा आणि वस्तुस्थिती वेगळ्या ठेवण्याची गरज सगळ्याच भाषांना पडते.

सब्जंक्टिव्हचा दुसरा प्रकार ‘असतो तर’चा. ‘मी तुह्या जागी असतो त कापूस इतक्यात इकला नसता,’ असे आपला शेतकरी सहज बोलतो. ‘मी रोज घरी असतो’ यातला ‘असतो’ खरा. ‘तुह्या जागी असतो’ यातला निव्वळ कल्पनेतला. रूप एकच, अर्थ निराळा. इंग्रजीतही ‘इफ आय वेअर यू’ मधला ‘वेअर’ दिसतो भूतकाळी, पण बोलतो आत्ताच्या, नसलेल्या गोष्टीबद्दल.

मात्र प्रत्येक ‘इफ’मागे ‘वेअर’ लावू नका. काल तो घरी होता की नाही हे ठाऊक नसेल, तर ‘इफ ही वॉज अ‍ॅट होम’ हेच बरोबर. कारण तो घरी असेलही.