अपघाताचा जमाखर्च

कारखान्यात सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे असे सुचविले, की व्यवस्थापकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. कामगार तासभर यंत्रापासून दूर बसले, तर तेवढे उत्पादन बुडणार. आणि कोणी जखमी झालाच, तर भरपाई द्यावयास विमा कंपनी आहेच!

हा युक्तिवाद खोडला तो एका विमा कंपनीतील गृहस्थानेच. अमेरिकेतील ट्रॅव्हलर्स कंपनीच्या एच. डब्ल्यू. हाइनरिक यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की भरपाई व औषधोपचार यांच्या सुमारे चौपट खर्च मालकाच्या माथी निराळाच पडतो. मदतीला धावलेल्यांचे खोळंबलेले काम, मोडलेले यंत्र, वाया गेलेला माल, चौकशीत गुंतलेला मुकादम, बदली माणसाचा नवखा हात. खतावणीत यांचे खाते नसते, म्हणून ते दिसत नाहीत. तुटलेल्या बोटांचे खाते तर कोणत्याच वहीत नसते.

चौपटीचा आकडा सर्वत्र लागू पडत नाही. शिवाय हाइनरिक यांनी बहुतेक दोष कामगारांच्या वर्तनावर टाकला, त्यावर पुढील अभ्यासकांनी टीका केली, ती रास्तच होय. यंत्राच्या पट्ट्याला आवरणच नसेल, तर शिकवणी काय करणार?

श्रोत्यांत कोणी व्यवस्थापक असतील, तर त्यांनी आपल्याच कारखान्यातील गतवर्षीचा एखादा अपघात घ्यावा, मुकादमाला जवळ बसवावे आणि त्या दिवशी कोणाचे काम किती वेळ थांबले ते लिहून काढावे. शिकवणीच्या तासाचा खर्च त्याच कागदावर शेजारी मांडावा.