उलटे घड्याळ आणि वर जाणारी बातमी

नवी मुंबईतील सीवूड्सच्या पश्चिमेस, सेक्टर ४० मध्ये, कोकण रेल विहार ही वसाहत आहे आणि पुढच्याच बेलापूर स्थानकाजवळच्या बेलापूर भवनात कोकण रेल्वे महामंडळाचे मुख्यालय आहे. नेतृत्वशैली, म्हणजे निर्णय कोणी घ्यावा आणि त्याची जबाबदारी कोणी वाहावी याची संस्थेतील रूढ रीत, आणि संवादशैली, म्हणजे माहिती कोणाकडून कोणाकडे व किती मोकळेपणाने जाते याची रीत, यांचे नाते अभ्यासायचे असल्यास या महामंडळाच्या बांधकामकाळाइतके उपयुक्त उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हे नाते प्रयोगातूनही दिसले आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील मुलांच्या लहान गटांत हुकूमशाही, लोकशाही आणि सर्व काही गटावर सोडून देणारी अशा तीन नेतृत्वशैली पारखल्या होत्या. हुकमावर चालणाऱ्या गटांत नेता बाहेर जाताच काम मंदावत असे, तर चर्चा करून ठरवणाऱ्या गटांत ते चालू राहत असे; कारण काय करायचे व कशासाठी, हे तेथे सर्वांनाच ठाऊक असे.

आता कोकण रेल्वेकडे वळू. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटून प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याकडे सोपवण्यात आला. अधिकार असे खाली उतरले की संवादाचे रूपही बदलते. एरवी टिपणी, शेरा आणि सही यांच्या पायऱ्या चढत वर जाणारी फाइल जे काम महिन्यांत करते, ते काम जागेवरच्या बोलण्यात उरकते.

त्याच काळात कार्यालयांत उलटी घड्याळे लावण्यात आली, म्हणजे मुदत संपायला किती दिवस उरले आहेत हे दाखवणारे फलक. असा फलक हा वरून खाली येणारा, शब्दांवाचूनचा आदेशच होय, आणि म्हणून तो एकटा पुरा पडत नाही. मऊ मातीतला बोगदा वारंवार ढासळत असेल, तर ती बातमी तितक्याच वेगाने आणि न भिता वर जावी लागते. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने हेच दाखवले: तो शेवटपर्यंत रखडला, आणि पाच वर्षांत व्हावा अशी अपेक्षा असलेला मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. हा उशीर त्या नेतृत्वाला कमीपणा आणणारा मुळीच नाही. माती कोणाचा हुकूम मानत नाही.

मात्र संस्थेच्या आत कामी आलेली झटपट, निर्णयाभिमुख भाषा बाहेर तशीच्या तशी चालत नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीस तीव्र विरोध झाला, १९९३ मध्ये काम थांबले आणि या वादाच्या चौकशीसाठी ओझा आयोग नेमावा लागला. ज्यांची शेते आणि खाजणे मार्गात येत होती, त्यांच्याशी बोलताना उरलेले दिवस मोजण्यापेक्षा ऐकून घेण्याला अधिक मोल होते.

म्हणूनच आज सीवूड्स स्थानकाच्या वर उभ्या असलेल्या कार्यालयांतील अधिकाऱ्यांनीही पुढच्या बैठकीत आपली सूचना सांगण्यापूर्वी सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला अडचण मांडू द्यावी आणि ती पूर्ण ऐकावी.